‘आम्ही’ आणि ‘आपण’

मराठी भाषेनें आपल्या लेकरांना एक देणगी अशी दिली आहे कीं, ती इंग्रजीसारख्या दिमाखदार भाषेलाहि लाभलेली नाहीं. इंग्रजाला आपल्या घोळक्याविषयीं बोलावयाचें झालें म्हणजे त्याच्यापाशीं एकच सर्वनाम. त्यांत समोरचा ऐकणारा धरला आहे कीं वगळला आहे, हें त्याचें त्याला ठाऊक. मराठी माणसाला अशी संदिग्धता परवडत नाहीं. ‘आम्ही उद्यां जेवावयास बसूं’ आणि ‘आपण उद्यां जेवावयास बसूं’ ह्या दोन वाक्यांत एका ताटाचें अंतर आहे. पहिल्या वाक्यांत ऐकणारा उंबऱ्याबाहेर उभा राहतो. दुसऱ्यांत त्याच्यासाठीं पाट मांडला जातो. निबंध लिहिणारा स्वतःस ‘आम्ही’ म्हणवितो तें तर निव्वळ रिवाजानें. त्याच्या पाठीशीं कोणी मंडळी उभी असते असें नाहीं. परंतु खेड्यांत हा शब्द रिवाजाचा नसतो. तेथें ‘आम्ही’ म्हटलें कीं भावकी, वाडा, जात, पक्ष, पाण्याची जागा, मसणवट्याची वाट हें सर्व त्यांत येतें. आणि ‘तुम्ही’ कोण, तेंहि न सांगतां ठरतें.

ह्या दोन शब्दांचा विचार आमच्या मनांत आला तो ख्रिस्तानें शिष्यांस शिकविलेल्या प्रार्थनेवरून. लहानपणापासून तोंडपाठ असलेल्या गोष्टीकडे लक्ष देऊन पाहण्याचा प्रसंग क्वचितच येतो. एकदां वर्गांत सर्वनामांचा भेद समजावीत असतांना ही प्रार्थना उदाहरणादाखल सुचली, आणि दोन गोष्टी ध्यानांत आल्या. पहिली ही कीं, त्या प्रार्थनेंत ‘मी’ कोठेंच नाहीं. भाकर मागावयाची ती आमची, क्षमा मागावयाची ती आम्हांला. दार लावून, अगदीं एकांतांत ती म्हटली तरी म्हणणाऱ्याला एकटें राहतां येत नाहीं. दुसरी गोष्ट खास मराठीची. भाकर मागतांना देवापुढें ‘आपण’ म्हणतां येत नाहीं, कारण देवाला भाकरीची गरज नाहीं, आणि क्षमेचीहि नाहीं. तेथें ‘आम्ही’च म्हणावें लागतें. म्हणजे जो शब्द माणसामाणसांत कुंपण घालतो, तोच देवाकडे तोंड केल्याबरोबर कुंपण मोडून टाकतो. ज्याच्याशीं बांधावरून भांडण आहे तो, ज्याच्या घरचें पाणी चालत नाहीं तो, जो गेल्या निवडणुकींत विरुद्ध बाजूस होता तो, असे शेजारीं उभे असलेले सगळे त्या एका ‘आम्ही’मध्यें नाइलाजानें सामील होतात. हा नाइलाज हाच खेड्यांतील ख्रिस्ती मंडळीच्या जीवनाचा गाभा आहे, असें आम्हांस वाटतें. आणि नगर जिल्ह्याच्या उदाहरणावरून तेंच येथें सांगावयाचें आहे.

नगर जिल्ह्याचें सरकारी नांव २०२४ पासून अहिल्यानगर असें झालें आहे. जुन्या कागदपत्रांतून वावरणाऱ्याच्या तोंडीं मात्र जुनें नांव राहावयाचेंच. अमेरिकन मराठी मिशनचें काम मुंबईस १८१३ सालीं सुरू झालें, व नगरास त्याचें ठाणें १८३१ च्या अखेरीस पडलें. आरंभीं भर होता तो शाळा आणि छापखाना ह्यांवर. ‘ज्ञानोदय’ पत्र नगरासच १८४२ त निघालें. पुढें १८५४-५५ सालीं अमेरिकन बोर्डाचे चिटणीस रूफस अँडरसन हिंदुस्थानांत येऊन गेले. इंग्रजी शाळांचा पसारा कमी करावा, खेडोपाडीं लहान लहान मंडळ्या स्थापाव्या, त्यांवर देशी पाळक नेमावे आणि कारभार देशी भाषेंत चालवावा, असा त्यांचा आग्रह होता. इंग्रजी शिक्षणावर पोट भरणाऱ्या आमच्यासारख्यास ह्या धोरणाविषयीं बरेंच बोलतां येईल. पण जिल्ह्यांतील ग्राममंडळीला त्यानें जोर चढला, हें नाकारून चालणार नाहीं.

ही ग्राममंडळी म्हणजे काय? एक खोली. आठवड्याचे दिवस ती शाळा, रविवारीं तीच मंदिर. एकच मास्तर; तो मुलांना बाराखडी शिकवी, रविवारीं उपदेश करी, रात्रीं आजाऱ्याच्या उशाशीं बसे, आणि सावकाराचा कागदहि वाचून दाखवी. ज्यांनीं ख्रिस्ती धर्माची कल्पना मुंबई-पुण्याच्या दगडी चर्चवरून केली असेल, त्यांना ही शेणानें सारवलेली खोली पाहून हंसूं येईल. पण ज्या लोकांना देवळाची पायरी चढण्याची मुभा नव्हती, चावडीवर ज्यांनीं लांबूनच उभें राहावयाचें, त्यांना खालीं बसून, आपलें नांव घेऊन, आपल्या सुखदुःखाचा विचार चारचौघांत करावयास मिळालेली ही पहिलीच जागा होती. कॅथलिक बंधु आपल्या अशा वसाहतीला ‘धर्मग्राम’ म्हणतात. शब्द मोठा अर्थपूर्ण आहे. गांवांत आणखी एक गांव, आणि त्या गांवाला वेस नाहीं, अशी त्याच्यामागची कल्पना असावी.

अमेरिकन मिशनच्या मंडळ्यांनीं मिळून जी संघटना केली, तिला नांवच ‘ऐक्य’ असें दिलें होतें. वर्षाकांठीं ठिकठिकाणचे लोक नगरास जमत. व्याख्यानें होत, कीर्तनें होत, हिशेब होत. नांव उत्तम होतें. पण ज्या गोष्टीची पाटी माणूस दारावर लावतो, ती घरांत बहुधा दुर्मिळ असते, हा अनुभव येथेंहि आला. मंडळींत येणाऱ्यांपैकीं पुष्कळ महार होते, कांहीं मांग होते. इतर जातींचीं घराणीं बोटांवर मोजण्यासारखीं. दोन्ही जाति गांवकुसाबाहेरच्या, दोघींचाहि अपमान सारखाच. तरी दोघींमधली अढी गांवाइतकीच जुनी. बाप्तिस्म्याच्या पाण्यानें ती एकदम धुऊन निघाली नाहीं. लक्ष्मीबाई टिळकांचें ‘स्मृतिचित्रें’ ज्यांनीं वाचलें आहे त्यांना हें नवल वाटणार नाहीं. पतीनें १८९५ त बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनीं १९०० त. मधलीं पांच वर्षें त्या मनस्वी बाईंना आपल्या मनांतलें सोवळें एकेक करून उतरवावें लागलें. शतकानुशतकें अंगांत मुरलेली शिकवण एका सकाळीं निघत नाहीं; आणि शिवाशिवीचा जाच ज्यांनीं सोसला त्यांच्याहि अंगांतून ती निघत नाहीं, ही ह्या रोगाची खरी भयंकरता आहे.

म्हणून प्रभुभोजन ह्या विधीची कसोटी जितकी आमच्या खेड्यांत लागली, तितकी युरोपांत क्वचितच लागली असेल. एक भाकर मोडून सर्वांनीं खावयाची, एका पेल्यांतून सर्वांनीं प्यावयाचें. तिकडे ही भक्तीची बाब. इकडे ती सोयरिकीची, भावकीची, आणि घशाखालीं घोट न उतरण्याची.

आमच्या लहानपणीं, म्हणजे १९७५-८० च्या सुमारास, नेवासें तालुक्यांतील आमच्या खेड्यांत प्रभुभोजनाच्या रविवारीं कांहीं वडीलधारीं माणसें घंटा होण्यापूर्वींच येऊन पुढची सतरंजी धरीत. त्यांच्या भक्तीचें आम्हां मुलांना मोठें कौतुक वाटे. पेला दुसऱ्या वाड्याच्या आधीं आपल्या हातीं यावा एवढ्याचसाठीं ती लगबग असे, हें पुढें उमगलें. पाळक म्हातारे होते, फारसे शिकलेले नव्हते. त्यांनीं ह्या विषयावर एकहि उपदेश केला नाहीं. एके खेपेस त्यांनीं पेला शेवटच्या ओळीपासून फिरविला. पुढच्या खेपेस मधल्या ओळीपासून. आणि मग तो कोठून निघेल हें कोणासच सांगतां येईना. दोन घरें दोन महिने प्रभुभोजनास आलीं नाहींत. तिसऱ्या महिन्यांत आलीं. मतपरिवर्तन झालें म्हणून आलीं, असें म्हणण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. त्यांपैकीं एका घरांत नातू तापानें फणफणला होता. मंडळींत त्याचें नांव घेऊन प्रार्थना होत होती, आणि नांव घेणारांत दुसऱ्या वाड्याच्या बाया सर्वांत पुढें होत्या. आपल्या नातवासाठीं ज्यांनीं देवापुढें पदर पसरला, त्यांच्या ओठांचा पेला नको कसा म्हणावयाचा? आजोबा आले, मागच्या ओळींत बसले, आणि पेला हातीं येतांच डोळे मिटून प्यायले. दुसरें घर त्यांच्या पाठोपाठ आलें.

ह्या गोष्टींत ऐक्याविषयींची एक गोम आहे. आम्ही सुशिक्षित लोक समजतों कीं, आधीं विचार जुळावे, मग मनें जुळावीं, आणि मनें जुळल्यावर एकत्र प्रार्थनेस बसावें. खेड्यांत क्रम उलटा असतो. आधीं माणसें एकत्र बसतात, कारण बसावयास दुसरी जागा नसते. मग एकमेकांचीं नांवें देवापुढें घेतात, कारण तसा रिवाज असतो. आणि मनें जुळलीं तर त्यानंतर केव्हां तरी, ज्याचें त्याला न कळत जुळतात. आमच्या आजीचें आणि तिच्या चुलतदिराचें बोलणें एका विहिरीच्या वांट्यावरून बंद झालें होतें. तें शेवटपर्यंत बंदच राहिलें. पण रात्रीं कंदील बारीक करून ती प्रार्थनेस बसे तेव्हां जीं पंचवीस-तीस नांवें घेई, त्यांत त्या दिराचें, त्याच्या मुलांचें आणि एकदां तर त्याच्या आजारी बैलाचेंहि नांव आम्हीं ऐकलें आहे. विचारल्यावर ती म्हणे, ‘‘अरं, भांडान माझं हाय; लेकरं तर देवाचीच हायेत.’’ धर्मशास्त्राचीं पुस्तकें आम्हीं पुढें पुष्कळ चाळलीं. परंतु भांडण आणि माणूस ह्यांना वेगवेगळें ठेवण्याची इतकी सोपी युक्ति त्यांत आढळली नाहीं.

योहानाच्या शुभवर्तमानांतील एक भेद ह्या संदर्भांत मनन करण्यासारखा आहे. शेवटच्या रात्रीं ख्रिस्तानें शिष्यांना एकमेकांवर प्रीति करण्याची आज्ञा दिली. पण त्यांनीं एक व्हावें ह्याविषयीं तो बोलला तो त्यांच्याशीं नव्हे; पित्याशीं बोलला. प्रीतीची आज्ञा झाली, ऐक्याची मात्र प्रार्थना झाली. ह्याचा अर्थ आम्ही असा करतों: प्रीति करणें हें निदान आपल्या हातांत आहे; तहानेल्याला पाणी द्यावें, आजाऱ्याला भेटावें, एवढें तर हुकुमानेंहि करतां येतें. ऐक्य तसें नाहीं. तें ठराव करून येत नाहीं, वर्गणी काढून येत नाहीं, कमिटी नेमून तर नाहींच नाहीं. तें मागावें लागतें, आणि आपल्याला मिळालें आहे असें म्हणतांक्षणीं तें निसटतें.

गेल्या दीडशें वर्षांचा इतिहास ह्याची साक्ष देतो. १८७६-७८ च्या दुष्काळाच्या आगेमागें नगर जिल्ह्यांत एस. पी. जी. ह्या इंग्लिश मिशनचा जम बसला. एकोणिसावें शतक संपण्यापूर्वीं जेसुइट धर्मगुरूहि राहुरी-संगमनेरच्या बाजूस येऊन पोहोंचले. तिघांनींहि दुष्काळांत अन्न दिलें, शाळा काढल्या, रोग्यांची शुश्रूषा केली, आणि तिघांनींहि आपापल्या देशांत झालेलीं तीनचारशें वर्षांपूर्वींचीं भांडणें सामानासुमानासह बरोबर आणलीं. ज्या मजुरानें कँटरबरी, जिनीव्हा किंवा रोम हीं नांवें जन्मांत ऐकलीं नव्हतीं, तो पुढच्या पिढींत ह्यापैकीं एका गांवचा कैवारी होऊन सख्ख्या मेव्हण्याशीं वाद घालूं लागला. जुनी जात सुटते न सुटते तोंच ही नवी जात आली.

ही चूक शहाण्यांच्या लक्षांत आली नाहीं असें नाहीं. ख्रिस्ती ऐक्यासाठीं जानेवारीच्या १८ पासून २५ पर्यंत प्रार्थना करण्याची चाल १९०८ त अमेरिकेंत सुरू झाली. तरंगमबाडीस १९१९ सालीं देशी पाळकांनीं जमून, परकीयांचीं भांडणें आम्ही काय म्हणून चालवावीं, असा रोखठोक सवाल केला. त्या सवालाचें फळ दक्षिणेंत १९४७ त आणि उत्तरेंत १९७० त दिसलें. १९७० च्या नोव्हेंबरच्या २९ तारखेस नागपुरास सहा पंथ मिळून उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली. अमेरिकन मिशनच्या परंपरेंतील मंडळ्या आणि अँग्लिकन मंडळ्या अशा रीतीनें एका छत्राखालीं आल्या. दुसरीकडे व्हॅटिकनच्या १९६२-६५ च्या परिषदेनें कॅथलिकांची उपासना लॅटिनमधून लोकांच्या भाषेंत आणली, आणि इतर ख्रिस्ती लोकांस दुरावलेले बंधु म्हणावयास शिकविलें. हीं मोठीं कामें झालीं, ह्यांत शंका नाहीं. तथापि कागदावरील ऐक्यानें जागा, इमारती आणि खुर्च्या ह्यांचे दावे थांबले नाहींत. प्रार्थनेच्या सभेस दहा माणसें आणि निवडणुकीच्या सभेस दोनशें, हा देखावा महाराष्ट्रांतील पुष्कळ मंडळ्यांना परिचयाचा आहे. ऐक्याची प्रार्थना संपवून ऐक्याचा कारभार सुरू केला म्हणजे असें व्हावयाचेंच.

नारायण वामन टिळकांना हें फार पूर्वीं दिसलें होतें. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलों, असें म्हणणारा हा कवि मिशनच्या चाकोरींत अखेरपर्यंत मावला नाहीं. १९१७ त त्यांनीं मिशनची नोकरी सोडली, आणि ‘देवाचा दरबार’ नांवाचा भ्रातृसंघ काढला. त्यांत बाप्तिस्मा झालेल्यांना आणि न झालेल्यांनाहि जागा होती. दोनच वर्षांनीं, १९१९ त, टिळक निवर्तले आणि दरबार फार काळ भरला नाहीं. पण त्यांचीं भजनें टिकलीं. तीं पंथाची चौकशी न करतां ‘उपासना-संगीता’मधून खेडोपाडीं गाइलीं जातात, आणि टाळ-मृदंगावर तीं सुरू झालीं म्हणजे वाटेनें जाणारा वारकरीहि क्षणभर थांबतो. त्याचें थांबणें साहजिक आहे. ह्याच नेवाशास १२९० सालीं ज्ञानेश्वरी सांगून झाली, आणि तिच्या शेवटीं ज्ञानोबांनीं जें मागणें मागितलें त्यांत स्वतःसाठीं कांहींच नाहीं. दुष्टांचा नाश व्हावा असेंहि नाहीं, त्यांचा वांकडेपणा तेवढा जावा एवढेंच आहे. आमची आजी निरक्षर होती. तिची रात्रीची प्रार्थना आणि हें पसायदान एकाच मातींतलें आहे असें आम्हांस वाटलें तर वाचकांनीं तो पक्षपात समजूं नये.

आतां एक नाजूक गोष्ट. राष्ट्रपतींच्या १९५० च्या आदेशानें अनुसूचित जातींच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ त त्या शिखांस व १९९० त बौद्धांस मिळाल्या. ख्रिस्ती आणि मुसलमान अद्यापि बाहेर आहेत. १९५६ च्या आक्टोबरांत डॉ. आंबेडकरांनीं नागपुरास बौद्ध धर्माची दीक्षा घेतली, आणि आमच्या वस्त्यांतून नवी जागृति आली. परिणाम असा कीं, एका आज्याचीं तीन नातवंडें आज कागदावर तीन धर्मांचीं आहेत. एक ख्रिस्ती, एक बौद्ध, आणि एक असा कीं त्याचें नांव दाखल्यावर एक, अंतःकरणांत दुसरें. तो रविवारीं येतो, गातो, डोळे मिटतो; मात्र मंडळीच्या वहींत नांव लिहूं नका म्हणतो, कारण मुलीच्या शिक्षणाचा प्रश्न आहे. त्याला भेकड म्हणणें सोपें आहे. ज्याच्या पगाराला धर्माची आंच लागत नाहीं त्यानें तें म्हणूं नये. कायद्यानें माणसाला आपलें ‘आम्ही’ निवडावयास लावलें आहे. त्या ‘आम्ही’बाहेर त्याच्यासाठीं जागा ठेवणें, हें मंडळीचें काम आहे. वहींत नांव नसलें तरी प्रार्थनेंत तें घेतां येतें. देवापुढें दाखले तपासले जात नाहींत.

एरवीं खेड्यांतील मंडळी दिवसेंदिवस लहान होत आहे. तरुण माणसें पुण्यास, चिंचवडास, मुंबईस गेलीं. पाळकाला चारपांच गांवें मिळून एकच रविवार पुरवावा लागतो. जेथें साठ माणसें बसत तेथें आतां म्हाताऱ्या बारा-पंधरा बाया बसतात. परंतु ह्याच बाया मार्चच्या पहिल्या शुक्रवारीं जागतिक प्रार्थनेचा दिवस पाळतात, आणि ज्या देशाचें नांव नीट उच्चारतांहि येत नाहीं तेथल्या बायांसाठीं मागणें मागतात. कोणी मेलें म्हणजे तर पंथ, धर्म, दाखला सर्व विसरून वस्ती एक होते. खांदा देणाऱ्या चौघांत एक कॅथलिक, एक बौद्ध असतो, आणि त्याचें कोणास कांहीं वाटत नाहीं. सप्टेंबरांत हरेगांवास मतमाउलीची यात्रा भरते, तेव्हां पायीं चालणाऱ्यांत किती ख्रिस्ती आणि किती इतर, हें मोजण्याच्या भरीस शहाणा माणूस पडत नाहीं. मनांतलें दुःख घेऊन आलेल्या बाईला शेजारची अनोळखी बाई आपल्या ओट्यांतली भाकर मोडून देते, आणि म्हणते, ‘‘या, आपण जरा सावलीला बसूं.’’

तिनें ‘आपण’ म्हटलें, ह्याकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. प्रार्थना चालली असते तोंपर्यंत ‘आम्ही’ हा शब्द सर्वांना पुरतो, कारण सर्वांचीं तोंडें एकाच दिशेला असतात. अडचण येते ती प्रार्थना संपल्यावर. डोळे उघडतात, माणसें एकमेकांकडे वळतात, वाहाणा शोधूं लागतात, आणि जुनी विहीर, जुना बांध, जुना पंथ दाराबाहेर वाट पाहत उभा असतो. देवापुढें म्हटलेलें ‘आम्ही’ तेथें शेजाऱ्यापुढें ‘आपण’ होऊन बाहेर पडलें, तर ती प्रार्थना पोहोंचली असें समजावें. न पडलें, तर पुढच्या रविवारीं पुन्हां बसावें. खेड्यांतल्या त्या शेणानें सारवलेल्या खोलींत माणसें पावणेदोनशें वर्षें हेंच करीत आलीं आहेत: दर खेपेस थोडें साधतें, पुष्कळ राहून जातें, आणि राहिलेलें मागण्यासाठीं घंटा पुन्हां होते.